लीलावतीकार भास्कराचार्य

घाटघरहून नाणेघाटाकडे जाणाऱ्या प्रत्येकाने घाटाच्या तोंडाशी असलेले लेणे पाहिलेले असते. त्याच्या भिंतींवर कोरलेली ब्राह्मी अक्षरे सातवाहनांची राणी नागनिका हिच्या काळची, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. कोणकोणते यज्ञ झाले, त्यांत गाई किती दिल्या, कार्षापण नाणी किती वाटली, ह्याचा तो लेखाजोखा होय. त्यात आकडेही कोरलेले आहेत. दहासाठी एक चिन्ह, शंभरासाठी दुसरे, हजारासाठी तिसरे अशी ती पद्धत. शून्य नाही, आणि अंकाची जागा बदलली म्हणजे किंमत बदलते ही सोयही नाही. एका राणीच्या दानधर्माचा हा हिशोब आपल्या अगदी दाराशी आहे, ही गोष्ट आपणां बायकांना अभिमानाचीच वाटली पाहिजे.

त्या लेखानंतर सुमारे बाराशे वर्षांनी ह्याच सह्याद्रीच्या आश्रयाने एक थोर गणिती होऊन गेला. तोपर्यंत शून्य आले होते, अंकाला स्थान मिळाले होते, आणि पाटीवर बसून मोठमोठे हिशोब करता येऊ लागले होते. ह्या गणित्याने अंकगणिताचे जे पुस्तक लिहिले त्याला एका स्त्रीचे नाव आहे. पुस्तक ‘लीलावती’ आणि कर्ते भास्कराचार्य. नाव आपण सर्वांनी ऐकलेले आहे. परंतु लीलावतीची दुःखाची कथा जितकी ठाऊक आहे, तितके तिच्या नावाचे पुस्तक ठाऊक नाही. म्हणून ह्या लेखात आचार्यांचे चरित्र सांगून, त्यांनी मांडलेला वाटणीचा एक घरगुती प्रश्नही भगिनींपुढे ठेवावयाचा आहे.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इसवी सन १११४ मध्ये झाला. हे त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे, आणि वयाच्या ३६ व्या वर्षी, म्हणजे ११५० मध्ये, आपण ‘सिद्धांतशिरोमणी’ रचला असेही सांगितले आहे. सातव्या शतकात भास्कर नावाचे दुसरे एक ज्योतिषी होऊन गेले; म्हणून आपल्या आचार्यांस अभ्यासक दुसरे भास्कराचार्य म्हणतात. आपले गाव सह्य पर्वताच्या परिसरातील विज्जडविड हे होय, असे त्यांनी लिहिले आहे. हे गाव नेमके कोणते, ह्याविषयी विद्वानांत एकमत नाही. कोणी विजापूर म्हणतात, कोणी बीड म्हणतात, तर कोणी ते खानदेशात पाटणच्या आसपास शोधतात. घराणे मात्र खानदेशाशी जोडलेले होते, ह्याला दगडावरचा पुरावा आहे. त्याकडे पुढे येऊ.

वडिलांचे नाव महेश्वर, गोत्र शांडिल्य. महेश्वर हे स्वतः ज्योतिषी व पंडित होते आणि तेच भास्कराचार्यांचे गुरू. त्या काळी विद्या घराण्यातून चालत असे. जसे आपल्याकडे भात कधी लावावे, बी कसे राखावे, हे ज्ञान घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हाताखाली मिळते, तसेच ग्रहांची गती आणि अंकांची करामत त्यांना बापाच्या मांडीशी बसून मिळाली. पण वडिलांकडून मिळालेले तेवढे सांभाळून ते थांबले नाहीत. ब्रह्मगुप्त, श्रीधर, पद्मनाभ ह्या पूर्वसूरींचे ग्रंथ त्यांनी अभ्यासले, त्यांतील विस्तार आवरला, उणे होते ते भरले, आणि शिष्याला समजेल अशी नवी मांडणी केली.

सिद्धांतशिरोमणीचे चार भाग मानतात. पहिला ‘लीलावती’, म्हणजे अंकगणित, दुसरा ‘बीजगणित’, तिसरा ‘ग्रहगणित’, आणि चौथा ‘गोलाध्याय’. सर्व रचना संस्कृत पद्यात आहे, कारण पद्य पाठ होते आणि पाठ झालेले हरवत नाही. नुसत्या पद्याने शिष्याची अडचण होईल म्हणून आचार्यांनी आपल्या ग्रंथावर स्वतःच गद्यात स्पष्टीकरणही लिहिले. त्यांच्या बुद्धीची झेप किती होती ह्याचे एकच उदाहरण देते. एखाद्या संख्येचा वर्ग करावा, त्याला ६१ ने गुणावे, त्यात १ मिळवावा, आणि येणारी संख्या पुन्हा पूर्ण वर्ग असावी; अशी पहिली संख्या कोणती? उत्तर २२,६१,५३,९८० आहे. बीजगणितात त्यांनी हे चक्रवाल रीतीने काही थोड्या पायऱ्यांत काढून दाखविले. फ्रान्सच्या फर्मा नावाच्या गणित्याने हाच ६१ चा प्रश्न युरोपातील विद्वानांपुढे कोडे म्हणून टाकला तो १६५७ साली, म्हणजे पाचशे वर्षांनंतर.

आता लीलावतीची कथा. ती अशी सांगतात की, लीलावती ही आचार्यांची मुलगी. तिच्या नशिबी संसारसुख नाही असे पत्रिकेवरून दिसले. आचार्यांनी एकच शुभ घटिका शोधून काढली आणि ती चुकू नये म्हणून पाण्यात घटिकापात्र ठेवले. मुलगी कौतुकाने वाकून पाहावयास गेली, तिच्या अंगावरील एक मोती पात्रात पडला, भोक बुजले, पात्र बुडेना आणि घटिका टळून गेली. आपल्याकडे सांगताना पुढे ती विधवा झाली असेही जोडतात. मुलीचे दुःख हलके व्हावे म्हणून बापाने तिच्या नावाने ग्रंथ लिहिला, असा कथेचा शेवट.

कथा हृदयाला हात घालणारी आहे ह्यात शंका नाही. पण ती कोठून आली हेही आपण जाणून घेतले पाहिजे. अकबर बादशहाच्या आज्ञेने फैजी ह्या कवीने १५८७ साली लीलावतीचे फारसीत भाषांतर केले. ही कथा त्याच्या प्रस्तावनेत आहे. ग्रंथ आणि ही प्रस्तावना ह्यांच्यामध्ये चारशेहून अधिक वर्षे गेलेली आहेत. आचार्यांच्या स्वतःच्या ग्रंथांत मोत्याचा, घटिकापात्राचा किंवा मुलीच्या वैधव्याचा कोठेही उल्लेख नाही. लीलावती ह्या शब्दाचा अर्थ लीला करणारी, लावण्यवती असा होतो आणि ग्रंथाच्या शेवटी त्यावर श्लेषही केला आहे. त्यामुळे काही विद्वान तिला मुलगी मानतात, काही पत्नी मानतात, तर काहींच्या मते ते केवळ पुस्तकाचे गोड नाव आहे.

मग पुस्तकातून काय दिसते? पुस्तकात प्रश्न विचारणारा कधी मित्राला हाक मारतो, कधी एखाद्या गणकाला, आणि कितीतरी वेळा एका मुलीला. तिला तो बाले म्हणतो, मृगाक्षी म्हणतो, आणि लगेच तिच्यापुढे उदाहरण टाकतो. भुंग्यांच्या एका थव्यातील पाचवा भाग कदंबाकडे गेला, तिसरा भाग शिलींध्राच्या फुलाकडे गेला, ह्या दोहोंतील अंतराच्या तिप्पट भुंगे कुड्याच्या झाडाकडे गेले, आणि एक भुंगा केतकी व मालती ह्यांच्या वासाने वेडा होऊन मध्येच भिरभिरत राहिला. तर थवा केवढा? उत्तर १५. आपल्या डोंगरात पावसाळ्याच्या तोंडाशी कुडा पांढरा फुलतो तेव्हा हे गणित मुलींना घालून पाहावे. तीन, पाच, सहा आणि एक; बरोबर पंधरा भरतात.

ह्या सर्व प्रश्नांत कोठेही मुलीची कीव केलेली नाही. तिला सोपे करून दिलेले नाही, की तुला हे कशाला हवे असेही म्हटलेले नाही. तिच्या बुद्धीची परीक्षा घेतली आहे, आणि ती उतरेल असे धरून चालले आहे. कथेतील लीलावती दैवापुढे हरलेली आहे. पुस्तकातील लीलावतीला मात्र उत्तर द्यावयाचे आहे. ह्या दोघींपैकी आपल्या मुलींना कोणती दाखवावी, हा विचार आपण प्रत्येकीने करावा असे मला वाटते.

पुस्तकाच्या अगदी शेवटी ‘अंकपाश’ नावाचे प्रकरण आहे. पाश म्हणजे जाळे. एखादी गोष्ट किती तऱ्हांनी करता येईल, हे मोजण्याची ही विद्या. आचार्य विचारतात की, विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा आणि कमळ आलटून पालटून दिले तर मूर्ती किती प्रकारच्या होतील? चार, तीन, दोन आणि एक ह्यांचा गुणाकार करावा, २४ येतात. दहा हातांच्या शंकराला पाश, अंकुश, सर्प, डमरू अशी दहा आयुधे दिली तर तेच प्रकार ३६,२८,८०० होतात. चारापासून दहापर्यंत गेलो, आणि चोवीसाचे छत्तीस लाख झाले!

ह्याच प्रकरणात आमच्या वाटणीचा प्रश्न आहे. आचार्यांनी तो असा घातला आहे: पाच स्थाने आहेत, प्रत्येकात शून्याखेरीज कोणताही अंक ठेवावा, आणि पाचही अंकांची बेरीज १३ व्हावी, तर अशा संख्या किती? आपण हा प्रश्न संक्रांतीच्या ताटावर मांडू. तिळगुळाचे १३ लाडू आहेत आणि मुली पाच. कोणाला जास्त, कोणाला कमी चालेल, पण रिकाम्या हाताने कोणी जाता कामा नये. तर वाटणी किती तऱ्हांनी होईल?

आचार्यांची रीत अशी. बेरजेतून एक वजा करावा, १२ राहतात. तेथून एकेक कमी करीत, स्थानांपेक्षा एक कमी इतके अंक मांडावेत, म्हणजे १२, ११, १०, ९. त्यांचा गुणाकार ११,८८० येतो. त्याला १, २, ३, ४ ह्यांच्या गुणाकाराने, म्हणजे २४ ने भागावे. उत्तर ४९५. ही रीत केव्हा लागू पडते तेही ते सांगावयास विसरले नाहीत: बेरीज ही स्थानांची संख्या आणि नऊ ह्यांच्या बेरजेहून लहान असली पाहिजे, नाहीतर एखाद्या स्थानात नवाहून मोठा आकडा शिरेल. येथे पाच आणि नऊ चौदा. तेरा त्याहून लहान, म्हणून काम चालते.

रीत खरी कशी, हे ताटावरच पाहता येते. तेरा लाडू एका ओळीत मांडा. त्यांच्यामध्ये बारा फटी पडतात. आता चार काड्या घेऊन वेगवेगळ्या चार फटींत उभ्या करा. ओळीचे पाच तुकडे झाले. पहिला तुकडा पहिलीचा, दुसरा दुसरीचा, असे पाचवीपर्यंत. आणि कोणताही तुकडा रिकामा नाही. म्हणजे वाटणीचा प्रश्न बारा फटींतून चार फटी निवडण्याचा झाला. पहिल्या काडीला बारा जागा, दुसरीला अकरा, तिसरीला दहा, चौथीला नऊ. आणि काड्या सारख्याच असल्यामुळे कोणती आधी ठेवली ह्याला महत्त्व नाही, म्हणून चोवीसाने भागावयाचे.

ह्यात एक मौज आहे. लीलावतीत आधीच्या एका प्रकरणात आचार्यांनी एकापासून नवापर्यंतच्या अंकांचे संकलित, म्हणजे चढती बेरीज, विचारली आहे, आणि मग त्या बेरजांचीही बेरीज विचारली आहे. हिरड्याची फळे अंगणात मांडून हे दिसते. वरच्या ओळीत एक, खाली दोन, त्याखाली तीन, असा त्रिकोण करीत गेले की क्रमाने १, ३, ६, १०, १५ फळे लागतात. ह्यांना त्रिकोणी संख्या म्हणतात. नऊ ओळी झाल्या की ४५ फळे होतात. असे नऊही त्रिकोण एकत्र केले की १६५ होतात. आता वाटणी पाहा. ११ लाडू तीन मुलींत वाटण्याच्या तऱ्हा ४५; १२ लाडू चौघींत वाटण्याच्या तऱ्हा १६५; आणि ही बेरजेची बेरीज आणखी एकदा केली, म्हणजे १, ४, १०, २०, ३५, ५६, ८४, १२०, १६५ मिळवले, की नेमके ४९५ येतात, जे १३ लाडू पाच मुलींत वाटण्याचे उत्तर आहे. वाटणीचे गणित आणि फळांचे त्रिकोण ही दोन वेगळी गणिते नव्हेत. आतून ती एकच आहेत.

हा नियम सांगून आचार्य थांबतात. थांबताना म्हणतात की विस्ताराच्या भयाने आपण थोडक्यात सांगितले, कारण गणिताच्या समुद्राला अंत नाही. आणि शेवटी हसत हसत बजावतात की, ह्या अंकपाशात गुणाकार, भागाकार, वर्ग, घन असे काहीच विचारलेले नाही, तरी गर्व झालेल्या पोरसवदा गणकांची येथे घसरगुंडी ठरलेलीच आहे. ज्याला विद्या खरी आली आहे तोच असे म्हणू शकतो.

भास्कराचार्य म्हातारपणीही लिहीत होते. ११८३ साली, वयाच्या ६९ व्या वर्षाच्या सुमारास, त्यांनी ‘करणकुतूहल’ हा पंचांग करणाऱ्यांच्या सोयीचा ग्रंथ रचला. मोठ्या सिद्धांतग्रंथातील लांब हिशोब ज्याला झेपत नाहीत, त्याला सोप्या रीतीने ग्रह काढता यावेत हा त्यामागचा हेतू. मुलगा लक्ष्मीधर हाही पंडित निघाला. यादव राजा जैत्रपाल ह्याने त्याला आपल्या राजधानीस नेले. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव हा सिंघण राजाच्या पदरी ज्योतिषी झाला.

ह्या नातवाने आजोबांचे जे स्मारक केले ते पाहण्यासारखे आहे. चाळीसगावजवळ सह्याद्रीच्या कुशीत पाटण नावाचे ठिकाण आहे; पाटणादेवी म्हणून ते सर्वांस ठाऊक आहे. तेथे चांगदेवाने एक मठ स्थापन केला, आणि त्यात भास्कराचार्यांचे व त्यांच्या घराण्यातील इतरांचे ग्रंथ शिकविले जावेत अशी व्यवस्था केली. १२०७ सालचा शिलालेख त्याची साक्ष देतो. त्यात त्रिविक्रमापासून चांगदेवापर्यंत घराण्याची वंशावळ आहे. डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनी हा लेख उजेडात आणला आणि १८६५ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. मुंबईचे हे नामांकित डॉक्टर मुलींच्या शिक्षणाचे कैवारी होते, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

वंशावळीत मुलगे आहेत, नातू आहेत; आई, बायको, मुलगी ह्यांची नावे नाहीत. त्या काळच्या लेखांची ती रीतच होती. परंतु लेखाचा शेवटचा भाग आपल्या जवळचा आहे, कारण तो संस्कृतात नसून जुन्या मराठीत आहे. मठाचा खर्च कसा चालावा ते त्यात सांगितले आहे. निकुंभ वंशातील स्थानिक राजाने मठाला दान दिले; पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर राजाला मिळणारा कर मठाकडे वळविण्यात आला; आणि तेल्यांच्या घाण्यांमागे पळी पळी तेल मठाला द्यावयाचे ठरले. राजाने दिले म्हणून मठ उभा राहिला, आणि बाजारातल्या गिऱ्हाइकाने व तेल्याने दिले म्हणून तो चालला. एकेका घाण्याची पळीभर तेलाची वर्गणी काय करू शकते, हे आपल्यासारख्या मंडळाला वेगळे सांगावयास नको.

पुढे लीलावती देशभर पसरली. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ ह्यांनी १५४५ साली तिच्यावर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली आणि आचार्यांच्या रीती खऱ्या का, ह्याची कारणे दिली. फैजीचे फारसी भाषांतर वर सांगितलेच. इंग्रजी भाषांतर जॉन टेलर ह्याने केले आणि ते १८१६ साली मुंबईत छापले गेले. दुसऱ्याच वर्षी कोलब्रुक ह्याचे भाषांतर लंडनला निघाले.

आणि तो वाटणीचा प्रश्न? आचार्यांनी जेथे सोडला तेथून त्याची पुढची पायरी अशी आहे. कोणत्या मुलीला किती लाडू हे न पाहता नुसते ढीग पाहावयाचे. पहिलीला चार व दुसरीला एक, काय आणि पहिलीला एक व दुसरीला चार, काय, ढीग तेच. म्हणून ती एकच वाटणी धरावयाची. असे केले की १३ लाडवांच्या पाच ढिगांच्या ४९५ वाटण्यांतून फक्त १८ उरतात. ढीग किती करावयाचे हेही मोकळे ठेवले, तर ५ लाडवांच्या तऱ्हा सात होतात: पाच, चार-एक, तीन-दोन, तीन-एक-एक, दोन-दोन-एक, दोन-एक-एक-एक, आणि पाच एकेक. गंमत अशी की प्रश्न दिसावयास सोपा झाला, पण उत्तर फार अवघड झाले. फटी आणि काड्या येथे उपयोगी पडत नाहीत. लीलावतीत हा प्रश्न येत नाही.

तो सोडविण्याचा मान स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या ऑयलर ह्या गणित्याकडे जातो. १७४० साली बर्लिनच्या नोदे नावाच्या अध्यापकाने त्याला पत्राने विचारले की, ५० ही संख्या सात वेगवेगळ्या संख्यांची बेरीज म्हणून किती तऱ्हांनी लिहिता येईल? उत्तर ५२२ आहे. त्या निमित्ताने ऑयलर ह्या विषयात शिरला आणि त्याच्या हाती एक नवल लागले. त्रिकोणाऐवजी पंचकोनात फळे मांडली तर १, ५, १२, २२ अशा संख्या येतात. प्रत्येक वेळी ४, ७, १० अशी तीन-तीनांनी वाढणारी भर पडते. ह्या पंचकोनी संख्यांत क्रमाने १, २, ३, ४ मिळवले की त्यांच्या जोडीदारणी २, ७, १५, २६ मिळतात. ऑयलरने दाखविले की कोणत्याही संख्येच्या वाटण्या मोजावयाच्या तर १ आणि २ पावले मागे जाऊन तेथील उत्तरे मिळवावीत, ५ आणि ७ पावले मागची उत्तरे वजा करावीत, १२ आणि १५ मागची पुन्हा मिळवावीत, असेच पुढे. शून्याची वाटणी एक धरावी.

हे आपण पडताळू. एकापासून सहापर्यंत तऱ्हा क्रमाने १, २, ३, ५, ७, ११ आहेत. सातासाठी सहाचे ११ आणि पाचाचे ७ मिळवा, १८ झाले, दोनाचे २ आणि शून्याचा १ वजा करा, १५ उरले. हाताने मोजून पाहा, पंधराच भरतील. लाडवांच्या ढिगांचा पंचकोनाशी काय संबंध, असे कोणालाही वाटेल. ऑयलरलाही तो प्रथम केवळ आकड्यांवरून दिसला, आणि सिद्धता सापडावयास जवळजवळ दहा वर्षे लागली.

ह्याच रीतीने मॅकमहॉन ह्या सैन्यातून निवृत्त झालेल्या इंग्रज गणित्याने २०० पर्यंतच्या वाटण्या हाताने मोजल्या. दोनशेचे उत्तर ३९,७२,९९,९०,२९,३८८, म्हणजे जवळजवळ चार लाख कोटी, येते. १९१८ साली हार्डी आणि आपले श्रीनिवास रामानुजन् ह्यांनी असे आकडे जवळजवळ थेट देणारे सूत्र प्रसिद्ध केले, आणि मॅकमहॉनच्या कोष्टकाने ते ताडून पाहिले. तेच कोष्टक पाहताना रामानुजनांच्या ध्यानात आले की, ज्या संख्येच्या शेवटी ४ किंवा ९ आहे तिच्या वाटण्यांना नेहमी ५ ने भाग जातो. चाराच्या वाटण्या ५, नवाच्या ३०. पुढे १९१९ च्या मार्चमध्ये आजारी अवस्थेत ते विलायतेहून परतले ते आपल्या मुंबई बंदरातच उतरले, आणि १९२० साली वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी त्यांचा अंत झाला.

समुद्राला अंत नाही असे भास्कराचार्य म्हणाले होते, ते असे खरे ठरले. त्यांनी काठावर जो प्रश्न ठेवला, त्याच्या पुढच्या पाण्यात उतरावयास जगाला जवळजवळ सहाशे वर्षे लागली. म्हणून आचार्यांचा मोठेपणा कमी होत नाही. आपल्याला कळले तेवढे स्वच्छ सांगावे, कोठवर लागू पडते ते सांगावे, आणि पुढे आणखी आहे हेही सांगावे, अशी त्यांची शिकविण्याची पद्धत होती.

भगिनींनो, आपल्या मुलींनी लीलावतीची कथा जरूर ऐकावी, पण तेवढ्यावर थांबू नये. येत्या संक्रांतीला ताटात लाडू मांडावेत, चार काड्या घ्याव्यात, आणि घरातल्या मुलींना हा प्रश्न घालावा. सात लाडवांचे ढीग मोजता मोजता एखादी पंधरावर येऊन थांबली आणि आठाचे किती म्हणून विचारू लागली, तर तिला हाताने मोजू द्यावे. बावीस येईपर्यंत तिला हाक मारून कामाला लावू नये.